कार्यालयातला संगणक नेटवर्कला जोडला जात नाही तेव्हा

छोट्या कार्यालयाच्या नेटवर्कचा पसारा फार मोठा नसतो. बाहेरून येणारी फायबरची बारीक वायर, ती जिथे संपते तो भिंतीवरचा ओएनटीचा डबा, त्यातच किंवा त्याच्या शेजारी राउटर, पाच किंवा आठ पोर्टचा एक स्विच, चार-सहा संगणक आणि एक प्रिंटर. भोरच्या बाजारपेठेतली पतसंस्था असो, नसरापूरचे सेवा केंद्र असो की वेल्ह्याकडची एखादी ग्रामपंचायत, मांडणी थोड्याफार फरकाने हीच. तरीही बिघाड सापडायला निम्मा दिवस जातो, कारण शोध मधूनच कुठून तरी सुरू होतो. ‘नेट चालत नाही’ एवढे ऐकले की कोणी राउटर बंद-चालू करतो, कोणी विंडोज नव्याने टाकायला घेतो, कोणी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला फोन लावतो, आणि आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी अशी गत होते.

‘नेट चालत नाही’ या एका वाक्यात तीन निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात. पहिली, संगणक स्विच किंवा राउटरपर्यंतच पोहोचत नाही. दुसरी, तो राउटरपर्यंत पोहोचतो, पण राउटरच्या पलीकडे बाहेरच्या जगात जात नाही. तिसरी, बाहेरच्या साइट सगळ्या उघडतात, पण शेजारच्या टेबलावरच्या संगणकातला टॅलीचा डेटा दिसत नाही किंवा प्रिंटर ‘ऑफलाइन’ म्हणतो. पहिल्या तक्रारीचे मूळ बहुधा वायरीत किंवा पत्त्यात असते, दुसरीचे राउटरमध्ये किंवा त्याच्या पुढे, आणि तिसरीचे जवळपास नेहमीच विंडोजच्या सेटिंगमध्ये. तक्रार यांपैकी कोणती हे ठरले की पुढचा निम्मा रस्ता संपतो.

ते ठरवायला दोन प्रश्न पुरतात. अडचण एकाच संगणकाला आहे की सगळ्यांना? आणि शेवटचे नीट चालले त्यानंतर काय बदलले? एकालाच अडचण असेल तर राउटर, फायबर आणि कंपनी यांना हात लावण्याचे कारण नाही. दोष बहुधा त्या संगणकात, त्याच्या वायरीत किंवा स्विचच्या त्या पोर्टमध्ये असतो. सगळेच अडले असतील तर एकेका संगणकाचे सेटिंग उघडून बसणे व्यर्थ. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सहसा ‘काही नाही’ असे येते. त्यावर विश्वास ठेवू नये. टेबल हलवलेले असते, रंगकाम झालेले असते, घरचा जुना राउटर कोणीतरी वायफायसाठी आणून लावलेला असतो, नाहीतर आदल्या संध्याकाळी वळवाचा पाऊस विजांसह येऊन गेलेला असतो.

पाहणीची सुरुवात दिव्यांपासून करावी, कारण त्यासाठी कशालाही हात लावावा लागत नाही. ओएनटीवर पॉवर, पॉन, लॉस आणि लॅन असे दिवे असतात. पॉनचा दिवा स्थिर हिरवा असेल तर बाहेरून प्रकाश येतो आहे आणि कंपनीच्या यंत्राशी बोलणे झाले आहे. लॉसचा तांबडा दिवा लुकलुकत असेल तर प्रकाशच पोहोचत नाही, आणि मग संगणकावर कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. फायबरमधून आलेला प्रकाश ओएनटीच्या सेटिंग पानावर डीबीएम या एककात दिसतो. तो साधारण उणे ८ ते उणे २७ यांच्या दरम्यान हवा. उणे २७ च्या पलीकडे गेला की जोडणी लटपटू लागते, आणि अशा वेळी दुपारी चालणारे नेट संध्याकाळी तुटते. कंपनीला फोन करताना ‘नेट नाही’ म्हणण्यापेक्षा हा आकडा सांगितला तर तक्रारीला वजन येते. त्याआधी एवढे मात्र पाहावे, की कपाटामागे फायबर मुडपलेली नाही ना. तांब्याची वायर वाकवलेली चालते. काचेच्या तंतूला तीव्र वळण दिले की प्रकाश तिथेच बाहेर सांडतो.

भोर आणि वेल्हे परिसरात फायबर बऱ्याच ठिकाणी खांबांवरून किंवा रस्त्याच्या कडेने जाते. २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क या नावाने मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट झालेल्या योजनेचा हेतूच ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याचा होता. पण डोंगरी रस्त्याकडेची वायर म्हटली की पावसाळ्यात पडलेले झाड, घसरलेली दरड आणि रस्तारुंदीकरणातला जेसीबी हे तिघे आलेच. कपूरहोळहून भोरकडे किंवा नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुठे खोदाई चालू आहे हे ठाऊक असणे हीसुद्धा बिघाड शोधताना उपयोगी पडणारी माहिती असते. अशा वेळी मोबाइलचा हॉटस्पॉट कामी येतो, पण दरीतल्या गावात डोंगर आड येत असल्याने रेंज एका खिडकीशी असते आणि दुसऱ्या खिडकीशी नसते. ती खिडकी अडचण येण्याआधीच शोधून ठेवलेली बरी.

सगळे संगणक एकदम अडले आणि ओएनटी मात्र ठणठणीत दिसत असेल, तर स्विच पाहावा. इथे एक गोष्ट वारंवार घडते. संगणक यूपीएसवर असतात, म्हणून वीज गेली तरी पडदे चालू राहतात. स्विच मात्र साध्या बोर्डवर लावलेला असल्याने बंद पडतो, आणि सगळ्यांना वाटते नेट गेले. स्विच आणि राउटर मिळून पंधरा-वीस वॉटच्या आतच वीज खातात; त्यांना यूपीएसवर घेण्यात कंजुषी करण्यासारखे काही नाही. दुसरी गोष्ट ॲडॅप्टरची. ५, ९ आणि १२ व्होल्टचे ॲडॅप्टर दिसायला सारखे आणि कित्येकदा पिनही सारखीच. साफसफाईत ते एकमेकांच्या जागी जातात. १२ व्होल्टच्या राउटरला ९ व्होल्टचा ॲडॅप्टर लागला तर दिवे लागतात, पण काम वाढले की राउटर स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. उलटे झाले तर यंत्र जळू शकते. ॲडॅप्टरवर मार्करने कोणत्या यंत्राचा ते लिहून ठेवणे हा त्यावरचा फुकटातला उपाय.

स्विचचे सगळे दिवे एकाच लयीत, वेड लागल्यासारखे लुकलुकत असतील आणि एकही संगणक चालत नसेल, तर एकाच वायरीची दोन्ही टोके त्याच स्विचमध्ये गेली आहेत का ते पाहावे. मोकळे टोक दिसले की ते कुठेतरी खोचण्याचा मोह माणसाला आवरत नाही. साध्या स्विचला हा फेरा ओळखता येत नाही. सर्वांसाठी पाठवलेला एखादा संदेश तो गोल गोल फिरवत राहतो आणि काही क्षणांत सारे नेटवर्क त्याच संदेशाने भरून जाते. वायर उपटली की जवळजवळ लगेच सगळे सुरळीत होते.

राउटरच्या बाबतीत बंद-चालू करणे आणि रीसेट करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंद-चालू केल्याने काही बिघडत नाही. मागच्या बारीक भोकात टाचणी घालून दाबले की मात्र राउटर कारखान्यातून आला त्या अवस्थेत जातो आणि कंपनीने भरलेले युजरनेम, पासवर्ड, इतर आकडे पुसले जातात. ते कार्यालयात कोणाकडेही लिहिलेले नसतात. एका संगणकाची अडचण सोडवायला निघालेला माणूस अशा रीतीने सगळ्यांचे नेट घालवून बसतो. त्या भोकावर चिकटपट्टी लावून टाकावी.

एकाच संगणकाची तक्रार असेल तर प्रथम वायर. संगणकाच्या मागे जिथे वायर लागते त्या पोर्टपाशी छोटा दिवा असतो. स्विचच्या त्या पोर्टचाही दिवा असतो. दोन्ही विझलेले असतील तर विंडोजच्या कुठल्याही सेटिंगने काही होणार नाही. सर्वांत झटपट चाचणी अदलाबदलीची. चालणाऱ्या शेजारच्या संगणकाची वायर काढून ती न चालणाऱ्याला लावावी. तो चालला तर वायर किंवा स्विचचा पोर्ट दोषी. नाही चालला तर संगणक. वायर की पोर्ट हे ठरवायला मग जुनी वायर तशीच ठेवून स्विचचा पोर्ट बदलून पाहावा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम पाळला नाही, तर नेट चालू होईल पण कशाने झाले ते कळणार नाही आणि पुढच्या सोमवारी तीच कहाणी नव्याने सुरू होईल.

नेटवर्कच्या वायरीत आठ तारा असतात, दोन-दोन पिळून केलेल्या चार जोड्या. वायरीच्या टोकाला बसवलेल्या क्लिपची खिटी खाली आणि सोनेरी पिना वर, टोक आपल्यापासून दूर धरले की डावीकडून रंगांचा रूढ क्रम असा लागतो: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी निळ्या जोडीला कवेत घेऊन बसते हे ध्यानात ठेवले की चूक होत नाही. नवशिका माणूस मात्र चारही जोड्या ओळीने लावून टाकतो. दोन्ही टोकांना क्रम सारखाच चुकवला तर प्रत्येक तार योग्य पिनेला पोहोचते खरी, पण तिसऱ्या आणि सहाव्या पिनेवरच्या तारा एकमेकींना पिळलेल्या राहत नाहीत. अशी वायर दोन-चार मीटर असेल तर निभावून नेते, वीस-तीस मीटर झाली की डेटा गाळू लागते.

१०० एमबीपीएस वेगाला चारांपैकी दोनच जोड्या लागतात, पिना १-२ आणि ३-६ यांच्या. गिगाबिट वेगाला चारही लागतात. म्हणून एखादी निळी किंवा तपकिरी तार तुटलेली असेल तर त्या वायरीवर जुना, १०० एमबीपीएसचे कार्ड असलेला संगणक वर्षानुवर्षे बिनतक्रार चालतो. त्याच्या जागी नवा कोरा संगणक आला की तो जोडलाच जात नाही, किंवा थांबून थांबून जोडला जातो. बहुतेक नवी कार्डे अशा वेळी स्वतःहून १०० वर उतरतात. काही उतरत नाहीत. दोष मग नव्या संगणकाला दिला जातो आणि तो दुकानात परत जाऊन, तिथे उत्तम चालून, पुन्हा कार्यालयात येऊन बंद पडतो. अशा प्रसंगी नव्या संगणकाच्या कार्डाचा वेग सेटिंगमधून १०० वर बांधून पाहावा. चालला, तर वायर नव्याने क्रिम्प करण्याची, म्हणजे टोकांना नव्या क्लिपा बसवण्याची वेळ आली आहे.

स्विच ते संगणक या अंतराची मर्यादा १०० मीटर आहे. छोट्या कार्यालयात ती क्वचितच ओलांडली जाते, पण वायर स्वस्तातली असेल तर मर्यादेच्या बऱ्याच अलीकडे अडचण येते. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनिअमच्या तारा बाजारात सर्रास मिळतात. त्यांचा विद्युतरोध तांब्यापेक्षा जास्त असतो आणि दोन-तीनदा वाकल्या की त्या तुटतात. ब्लेडने खरवडल्यावर आत चंदेरी धातू दिसला तर वायर तशी आहे असे समजावे. यात भर पडते ती हवेची. घाटमाथ्याजवळच्या या पट्ट्यात पावसाळ्याचे महिने भिंतींना ओल असते. तोरण्याच्या पायथ्याच्या गावात जूनमध्ये चांगली असलेली क्लिप सप्टेंबरात हिरवट दिसू शकते. पिनांवर चढलेला तो थर संपर्क तोडतो. वायर दोन-चारदा काढून घातली की नेट येते, कारण घासण्याने थर निघतो. दोन दिवसांनी पुन्हा जाते. उपाय एकच, टोक कापून नवी क्लिप. उंदरांबद्दल वेगळे सांगायला नको. छताजवळून नेलेली वायर त्यांनी कुरतडली असेल तर जोड देत बसण्यापेक्षा ती अख्खी बदलावी.

विजेचा कडकडाट हा या भागातला स्वतंत्र विषय आहे. एप्रिल-मेमधला वळीव आणि ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस या दोन्ही वेळी डोंगरात विजा पडतात. वीज थेट इमारतीवर पडावी लागते असे नाही. जवळपास पडली तरी लांब तांब्याच्या वायरीत क्षणभर प्रचंड दाब निर्माण होतो. नेटवर्क कार्डात त्यापासून बचाव करणारा छोटा ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्याने सुमारे १५०० व्होल्टचा दाब सोसावा अशी मानकाची अपेक्षा असते. विजेपुढे हे काहीच नाही. सर्वांत जास्त धोका दोन इमारतींमधल्या वायरीला. ग्रामपंचायतीतून समोरच्या शाळेत, किंवा दुकानातून मागच्या गोदामात अशी उघड्यावरून तांब्याची वायर ओढलेली असते आणि दोन्ही इमारतींचे अर्थिंग वेगळे असते. वीज कडाडली की दोन्हीकडचे पोर्ट एकदम जातात. दोन इमारती जोडायला फायबर आणि दोन छोटे कन्व्हर्टर वापरले तर ही वाटच बंद होते. खर्च एका मदरबोर्डपेक्षा कमी येतो. पोर्ट जळल्याची खूण अशी, की वायर चांगली असूनही दिवा लागत नाही, किंवा डिव्हाइस मॅनेजरमधून कार्डाचे नावच गायब होते. त्यासाठी मदरबोर्ड बदलण्याची गरज नसते. यूएसबीला लागणारे लॅन ॲडॅप्टर काही शे रुपयांत मिळते आणि कामाला उत्तम.

दिवे लागले, वायर ठीक आहे, तरी नेट नाही, अशा वेळी प्रश्न पत्त्याचा असतो. प्रत्येक संगणकाला नेटवर्कवर एक क्रमांकाचा पत्ता लागतो, आणि तो वाटण्याचे काम राउटर करतो. या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात. संगणक सुरू झाला की ‘मला पत्ता द्या’ अशी हाळी घालतो, राउटर मोकळा पत्ता देऊ करतो, संगणक तो मागून घेतो, राउटर शिक्कामोर्तब करतो. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग ही आज्ञा देऊन एंटर दाबले की मिळालेला पत्ता दिसतो. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल तर राउटरशी गाठ पडलेली आहे. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर संगणकाने हाक मारली पण ओ कोणीच दिली नाही, म्हणून विंडोजने स्वतःच एक तात्पुरता पत्ता लावून घेतला आहे. हा आकडा दिसला की साइट, ब्राउझर, अँटिव्हायरस सगळे विसरावे. वायर अर्धवट तुटली आहे, राउटरची पत्ते वाटण्याची सोय बंद आहे, किंवा त्याच्याकडचे पत्ते संपले आहेत.

पत्ते संपणे ऐकायला विचित्र वाटते. राउटरला वाटण्यासाठी पत्त्यांचा ठरावीक गठ्ठा दिलेला असतो, कधी शंभरांचा, तर कधी कोणीतरी हौसेने वीस-पंचविसांचाच ठेवलेला. कार्यालयात संगणक पाच, पण वायफायचा पासवर्ड सगळ्यांच्या मोबाइलमध्ये, आलेल्या दोन ग्राहकांच्या मोबाइलमध्ये आणि शेजारच्या दुकानदाराच्याही मोबाइलमध्ये. मोबाइल निघून गेला तरी त्याला दिलेला पत्ता मुदत संपेपर्यंत, बहुधा दिवसभर, अडकून राहतो. दुपारनंतर सुरू केलेल्या संगणकाला मग पत्ता मिळत नाही. गठ्ठा वाढवणे आणि पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय ठेवणे हा त्यावरचा मार्ग.

याच्या उलट प्रकार दोन राउटरांचा, आणि तो अधिक फसवा. जुन्या भोरमधल्या काही कार्यालयांच्या भिंती वाड्याच्या, जाड दगड-मातीच्या. पुढच्या खोलीतले वायफाय मागच्या खोलीत पोहोचत नाही, म्हणून घरचा जुना राउटर आणून वायरीने स्विचला जोडला जातो. आता पत्ते वाटणारे दोघे झाले. समजा, पहिला १९२.१६८.१ या मालिकेतले पत्ते देतो आणि दुसरा १९२.१६८.० या मालिकेतले. ज्याचे उत्तर आधी पोहोचेल त्याचा पत्ता संगणक घेतो. परिणाम असा, की सकाळी तीन संगणक चालतात, दोन चालत नाहीत. दुसऱ्या दिवशी भलतेच दोन चालत नाहीत. संगणक बंद-चालू केला की कधी बरा होतो, कधी होत नाही. माणूस चक्रावून जातो. उलगडा मात्र एका ओळीत आहे. आयपीकॉन्फिगपुढे जागा सोडून तिरकी रेघ आणि ‘ऑल’ जोडून आज्ञा दिली की ‘डीएचसीपी सर्व्हर’ अशी एक ओळ दिसते. चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या संगणकांवर ती ओळ वेगळी आली की चोर सापडला. दुसऱ्या राउटरची पत्ते वाटण्याची सोय बंद करावी, त्याला पहिल्याच्या मालिकेतला पण गठ्ठ्याबाहेरचा पत्ता द्यावा आणि वायर त्याच्या लॅन पोर्टात लावावी. ती वॅन पोर्टात लावली तर नेट चालते, पण मागच्या खोलीतले संगणक वेगळ्या नेटवर्कात जातात आणि पुढच्या खोलीतला प्रिंटर त्यांना सापडेनासा होतो.

कधी पत्ता हाताने भरलेला असतो. दुसऱ्या कार्यालयातून आणलेला संगणक तिथला पत्ता घेऊन येतो आणि इथे गप्प बसतो; त्याला ‘आपोआप घ्या’ या पर्यायावर आणले की झाले. प्रिंटरला हाताने दिलेला पत्ता राउटरच्या गठ्ठ्यातलाच निघाला, तर एक दिवस राउटर तोच पत्ता कोणाच्या तरी मोबाइलला देऊन टाकतो आणि दोघे भांडत बसतात. प्रिंटरसाठीचा पत्ता राउटरमध्येच राखून ठेवणे हे त्याहून चांगले.

पत्ता ठीक दिसला की किती अंतरापर्यंत पोहोच आहे ते पिंग या आज्ञेने मोजावे. १९८३ पासून वापरात असलेल्या या साधनाला याहून सोप्या साधनाने आजही मागे टाकलेले नाही. आधी राउटरच्या पत्त्याला, म्हणजे आयपीकॉन्फिगमध्ये ‘डिफॉल्ट गेटवे’ समोर दिसणाऱ्या आकड्याला पिंग करावे. वायरीवर उत्तर एक मिलिसेकंदाच्या आत यायला हवे. पाचांतले एखादे उत्तर गळत असेल तर पुन्हा वायरीकडे वळावे. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ असे उत्तर स्वतःच्याच पत्त्यावरून आले तर त्या क्रमांकाचे यंत्र या नेटवर्कवर कोणी पाहिलेलेच नाही. गेटवेने उत्तर दिले की संगणक आणि वायर निर्दोष ठरतात. मग ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला पिंग करावे. इथे उत्तर नसेल तर अडचण राउटरच्या पुढची; कंपनीला फोन करण्याची वेळ आता आली. तिथूनही उत्तर आले आणि तरी साइट नावाने उघडत नसेल, तर नावावरून क्रमांक शोधणारी डीएनएस सेवा अडली आहे. डीएनएसच्या जागी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरून पाहिले की हा संशय फिटतो. शेजारच्या संगणकाला केलेल्या पिंगचे उत्तर न येणे हा मात्र कशाचाच पुरावा नव्हे. विंडोजची फायरवॉल अशी उत्तरे अडवून धरते.

यानंतरही काही साइट उघडतात आणि बँकेच्या किंवा सरकारी साइट तेवढ्या सुरक्षेचा इशारा देतात, असे झाले तर पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहावी. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर २०३२ सेल संपला की रात्री वीज गेल्यावर संगणकाचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते. संगणकाच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेले नसते. डिजिटल सहीचेही तेच होते. सेवा केंद्रात सातबारा आणि दाखल्यांच्या कामाचा दिवसभर खोळंबा करणारा हा दोष थोडक्या रुपयांच्या सेलने मिटतो. तारीखही बरोबर असेल, इतर सगळे चालत असेल आणि एकच सरकारी पोर्टल उघडत नसेल, तर मोबाइलच्या डेटावर तेच पोर्टल उघडून पाहावे. तिथेही उघडले नाही तर दोष कार्यालयात नाही. थांबणे हाच उपाय, आणि तेवढ्या वेळात सेटिंग बदलत बसू नये.

तिसऱ्या तक्रारीत, म्हणजे शेअर केलेले फोल्डर किंवा प्रिंटर न दिसण्यात, वायरीचा सहसा काही संबंध नसतो. विंडोज प्रत्येक नव्या नेटवर्कला ‘पब्लिक’ किंवा ‘प्रायव्हेट’ ठरवते. राउटर बदलला की तिच्या दृष्टीने नेटवर्क नवे, आणि नव्याला ती पब्लिक धरते. स्टँडवरच्या वायफायला जोडल्यासारखी सगळी दारे लावून घेते. कार्यालयाचे नेटवर्क प्रायव्हेट केले की निम्म्या तक्रारी संपतात. उरलेल्यांत पासवर्डचा वाटा मोठा. ज्या संगणकाच्या खात्याला पासवर्डच नाही, त्या खात्याने दुसऱ्या संगणकावरून आत येऊ द्यायचे नाही असा विंडोजचा मूळ नियम आहे. ‘पासवर्ड ठेवला नाही तर सोपे जाईल’ हा हिशेब इथे उलटा पडतो.

काही वेळा कालपर्यंत चालणारे शेअरिंग अपडेटनंतर बंद पडते, त्याला कारण असते. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने शेअरिंगच्या जुन्या पद्धतीतल्या भोकातून जगभर धुमाकूळ घातला. त्याच वर्षाच्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून ती जुनी पद्धत मुळातच बंद ठेवली जाऊ लागली. एक्सपीवर चालणारा जुना संगणक किंवा फोल्डरमध्ये स्कॅन टाकणारे जुने झेरॉक्स मशीन यामुळेच नव्या संगणकाशी बोलेनासे झाले. जुनी पद्धत पुन्हा सुरू करता येते, पण पतसंस्थेसारख्या ठिकाणी ते करू नये. २०२१ मध्ये प्रिंटरच्या सेवेतली मोठी त्रुटी उघड झाली. सप्टेंबरच्या दुरुस्तीनंतर एका संगणकाला जोडलेला प्रिंटर दुसऱ्यावरून वापरताना शेवटी ११बी असलेला एरर क्रमांक दिसू लागला. एक संगणक अपडेट केलेला आणि दुसरा न केलेला असेल तर तो हमखास दिसतो. दोन्ही अपडेट करावेत. त्याहून बरे म्हणजे प्रिंटर संगणकाच्या यूएसबीवरून काढून थेट स्विचला जोडावा आणि प्रत्येक संगणकावर त्याच्या पत्त्याने बसवावा. मग मालकाचा संगणक बंद असला तरी बाकीच्यांची छपाई अडत नाही.

वायफायबद्दल थोडक्यात. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीतून जास्त पार जाते, ५ ची कमी पण वेगवान. जाड भिंतीआड ५ चा हट्ट सोडावा. २.४ मध्ये १, ६ आणि ११ एवढेच चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत. टेबलावरच्या, जागेवरून न हलणाऱ्या संगणकाला वायफाय वापरणे ही गैरसोय विकत घेणे आहे; त्याला वायर ओढावी.

ज्या कार्यालयात बिघाड लवकर सापडतो तिथे राउटरशेजारी भिंतीवर एक कागद असतो. त्यावर गेटवेचा पत्ता, वाटायच्या पत्त्यांचा गठ्ठा, प्रिंटरचा राखीव पत्ता, कंपनीचा ग्राहक क्रमांक आणि तक्रारीचा फोन, आणि नेट नीट चालत असताना ओएनटीवर दिसलेला डीबीएमचा आकडा एवढे लिहिलेले असते. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक चिकटवलेला असतो. हे काम एका दुपारचे आहे आणि ते मे महिन्यातच उरकावे. जूनमध्ये दुरुस्ती करणाऱ्याला पुण्याहून भोरला किंवा वेल्ह्याला यायला उशीर होतो.